उधारीचं दूध

वाक्य साधं आहे. एका निवृत्त वेल्श शिक्षकाच्या सायकलप्रवासाच्या पुस्तकातलं. भर दुपारी एका अनोळखी घरानं आम्हाला आसरा दिला, गूळ दिला, पाणी दिलं, आणि थोड्या वेळानं कुठून तरी दुधाचा चहाही आला, असं काहीसं. पुढे तो परिच्छेद, ज्यांच्याकडे जवळजवळ काहीच नाही त्यांनी सगळं देऊ केलं, या ठरलेल्या वळणावर संपतो. पुस्तक त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, नातवंडांसाठी आणि सायकल क्लबातल्या मित्रांसाठी. त्यातली वाराणसीच्या आसपासची चाळीसेक पानं मराठीत आणायचं मी हौसेनं अंगावर घेतलं आणि 'कुठून तरी' या दोन शब्दांपाशी अडकले. भाषेची अडचण नाही. अडचण अशी की ते दूध कुठून आलं हे मला ठाऊक आहे. त्या चहाचा दुसरा पेला माझ्या हातात होता.

२०१६चा मे महिना. एका हिंदी कादंबरीच्या अनुवादासाठी मी तीन महिने वाराणसीत राहिले होते, दुर्गाघाटाजवळच्या एका जुन्या मराठी वाड्यात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. आता त्यातली थोडीच उरली. घरमालकीण काकूंचं मराठी ऐकत राहावं असं होतं. क्रियापदं हिंदीच्या वाटेनं गेलेली, 'अगोबाई' मात्र शाबूत. हिंडण्याफिरण्यासाठी मी एक जुनी लेडीज सायकल विकत घेतली होती, जी गल्ल्यांमधून बहुतेक वेळा ढकलतच न्यावी लागे. तिचा ब्रेक दुरुस्त करायला गेले तिथे हे गृहस्थ भेटले.

वय सदुसष्ट. कोलकात्याहून ग्रँड ट्रंक रोडनं निघालेले, दिल्लीला जायचं होतं. मागचा टायर कडेला चिरला होता आणि तसा टायर मिळत नव्हता. आपल्या काळ्या, दांडीवाल्या सायकलींचा अठ्ठावीस इंची टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. त्यांची रिम होती ६२२ची. तेरा मिलिमीटरचा फरक, पण नाही म्हणजे नाही. दुकानदारानं जुन्या टायरचा तुकडा कापून चिरेच्या आतून बसवला आणि वीस रुपये मागितले. यांनी शंभराची नोट पुढे केली, बाकीचे राहू द्या अशी खूण केली. दुकानदारानं मोजून ऐंशी रुपये परत दिले आणि मला म्हणाला, 'इनको बोलिए, दिल्ली तक चल जाएगा.' दोघांच्या मधल्या दुभाषाचं काम माझ्याकडे आलं ते असं. मग त्यांनी विचारलं, इलाहाबादच्या दिशेनं एक दिवस बरोबर येता का? मी हो म्हटलं. नाशिककर आहे, सायकल लहानपणापासूनची. गोपीगंजपर्यंत जायचं आणि बसच्या टपावर सायकल टाकून परत यायचं, एवढाच बेत.

पहाटे चारला निघालो. रोहनिया, राजातालाब, मिर्झामुराद. सात वाजेपर्यंत छान होतं. मे महिन्यातल्या तिथल्या उन्हाबद्दल एक गोष्ट सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगाची उष्णता नेतो; हवा त्याहून तापली की तोच वारा उष्णता आणून घालतो. मग उरतो फक्त घाम, आणि त्याचं वाळणं. सायकल चालत असते तोवर घाम इतक्या झटपट वाळतो की तो आलाय हेच समजत नाही. थांबलं की सगळा एकदम फुटतो. म्हणून सायकलस्वार थांबायला नको म्हणतो, आणि नेमका तिथेच फसतो. तिथे त्या वाऱ्याला 'लू' म्हणतात. आपल्याकडे 'झळ' हा शब्द आहे, पण झळ लागते आणि जाते. लू दिवसभर वाहते.

साडेदहाच्या सुमारास त्या उन्हात माझ्या हातांवर काटा आला. थंडीत येतो तसा. मला ते गमतीचं वाटलं. त्यांना नाही वाटलं. ते चाळीस वर्षं सायकल चालवत आलेले, हे लक्षण ओळखत होते. औराईच्या अलीकडे त्यांनी मला रस्त्यावरून खाली उतरवलं आणि पहिलं जे घर दिसलं त्याच्या पडवीत नेऊन बसवलं. विचारायचं काम माझं होतं, पण मला धड बोलता येत नव्हतं. त्यांनी हात जोडून नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

तो भाग गालिच्यांचा आहे. भदोहीचे गालिचे जगभर जातात, ते विणले जातात अशा घरांमधून. आतल्या खोलीत उभा माग होता, त्यावर अर्धा झालेला निळा गालिचा. घरात एक म्हातारी, एक माझ्याच वयाची बाई, आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. नवरा कामासाठी सुरतेला. वीज गेलेली. मुलगा खाटेशी उभा राहून विंझण्यानं वारा घालत राहिला, कुणी सांगितलं नसताना. आधी गूळ आला, मग पाणी. त्या भागात उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. माझी आजीही देत नसे. बागलाणातल्या आमच्या घरी तिचा गुळाचा डबा दाराशीच असायचा. खडा तोंडात विरघळताना मला रडू आलं. ते उन्हानंही असेल.

अर्ध्या-पाऊण तासानं मी उठून बसले. तेव्हा ती बाई मुलाच्या हातात डोलची देत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, 'जो, दूध ले आव. कहि दिहे, पइसा सोमार के मिली.' जा, दूध घेऊन ये. सांग, पैसे सोमवारी मिळतील. भोजपुरी माझी भाषा नाही, पण एवढं कळायला ती भाषा असावी लागत नाही.

गृहस्थांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

मी म्हणाले, चहासाठी दूध मागवतायत.

त्यांनी नकोच्या खुणा केल्या, त्यांच्या लेखी त्रास नको म्हणून, बाई हसली, मुलगा गेलाही. चहा आला. आम्ही दोघांनी प्यायला. त्या घरातल्या तिघांनी प्यायला नाही, हे मला रात्री वाड्यावर परतल्यावर आठवलं.

साडेचारला निघताना त्यांनी मला इंग्रजीत हळूच विचारलं, पैसे द्यावेत का? किती? मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, नको, त्यांना वाईट वाटेल.

मूळ लेखकाला जे माहीत नाही ते अनुवादकाला माहीत असेल तर काय करायचं, यावर वर्गात बोलता येतं. तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना असे प्रश्न आम्ही चवीनं चघळले आहेत. पण इथे मूळ लेखकाला ते माहीत नाही याचं कारणच मी आहे. त्यांच्या 'कुठून तरी'ची अर्धी लेखिका मी. मी तेव्हा गाळलेलं अर्धं वाक्य आता छापील पुस्तक होऊन माझ्याचकडे अनुवादाला आलं आहे.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की मी त्या बाईची अब्रू राखली. उधारीवर दूध आणलं हे परक्या पाहुण्याला का कळावं? समजूत अगदीच खोटी नाही. पण थोडं खरवडलं की खाली दुसरं दिसतं. मला वाचवायची होती ती दुपार. अर्धी कथा त्यांनी मनात लिहायला घेतली होती, आणि मलाही ती आवडली होती: ऊन, आसरा, गूळ. त्यात 'पैसे सोमवारी' बसत नव्हतं. शिवाय त्या बाईनं ते माझ्यासमोर म्हटलं होतं. मी त्यांच्याशी हिंदीतून बोलले होते. मला कळणार हे तिला ठाऊक असणार. तिला लपवायचं असतं तर दारापर्यंत जाऊन तिनं मुलाच्या कानात सांगितलं असतं. म्हणजे लाज तिला वाटत नव्हती. तिच्या वतीनं ती मला वाटली.

'त्यांना वाईट वाटेल' हे वाक्य आपल्या वर्गातली माणसं किती सहज वापरतात हे मी नंतर मोजायला लागले. रिक्षावाल्याला घरी पाणी विचारताना नाही वापरत. पैसे द्यायच्या वेळी वापरतो. गरिबाच्या स्वाभिमानाची सगळ्यात जास्त काळजी आपल्याला नेमकी पाकीट उघडायच्या क्षणी वाटते. आणि यातलं सगळ्यात लागणारं असं की माझ्याच घरात या पेचावर उत्तर होतं. पाहुणा निघताना घरातल्या लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवतो. खाऊला म्हणून. यजमान 'कशाला, कशाला' म्हणतो, मुलगा आईकडे बघतो, आई मान हलवते. कुणाचाही अपमान होत नाही, कारण ती किंमत नसते, आणि तरी घरात चार पैसे येतात. हे उत्तर प्रदेशातही चालतं, नाशकातही. माझ्या मामानं कितीदा माझ्या हातावर असे पैसे ठेवलेत. तो मुलगा माझ्यासमोर तासभर विंझणा हलवत उभा होता, आणि मला ते सुचलं नाही. कारण त्या पडवीत मी पाहुणी नव्हतेच, मी एका परदेशी माणसाची दुभाषी होते. मी त्याच्या बाजूनं उभी राहून त्या घराकडे बघत होते.

परतल्यावर हे मी काकूंना अर्धवट सांगितलं. त्या म्हणाल्या, 'घेणं सोपं नाही हो. आमचे सासरे परान्न घेत नसत.' सासरे वैदिक. दशग्रंथी विद्वानाला काशीत जगायचं तर दान-दक्षिणेवाचून दुसरं साधन काय? पण कुणाचं घ्यायचं, किती, केव्हा, याचे त्यांचे नियम इतके कडक होते की सासूबाई वैतागत. मी आधी हे सोवळंओवळं म्हणून सोडून दिलं. नंतर जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाचं काम वाचलं. त्यानं वाराणसीत घाटांवरचे पुरोहित, महाब्राह्मण, अंत्यविधी करणारे यांच्यात बरीच वर्षं काढली. १९८६मधला त्याचा दानावरचा निबंध आणि १९९४मधलं 'डेथ इन बनारस' हे पुस्तक त्यातून आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मार्सेल मॉसनं १९२५ साली मांडलं की भेट ही परतफेडीची अपेक्षा बरोबर घेऊनच येते, काशीतलं दान मात्र परतफेड नसलेलं असावं लागतं, आणि म्हणूनच ते घेणाऱ्याला धोक्याचं. देणाऱ्याचं पाप दानाबरोबर घेणाऱ्याकडे येतं. ते पचवायला जप-तप हवं, किंवा दान पुढे वाटून टाकायला हवं. घेणारे पुरोहित स्वतःच सांगतात की आपल्याला ते पचत नाही. मनुस्मृतीही, ज्याला घेण्याचा अधिकार आहे त्यालाच बजावते की घ्यायची चटक लावून घेऊ नको.

पापाची ही वाहतूक मला मान्य नाही, आणि त्या व्यवस्थेत कोण वर आणि कोण खाली हे माहीत असल्यामुळे तिचं कौतुकही करवत नाही. तरी त्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. आपण 'देणं' या क्रियेवर इतकं बोलतो, दानशूर म्हणतो, कोनशिला बसवतो. 'घेणं' हेही एक कर्म आहे, ते चुकू शकतं, त्याचं काहीतरी आपल्या अंगावर राहतं, हे त्या घाटावरच्या माणसांना ठाऊक आहे. दूरच्या प्रवासाला निघालेल्यांना ते क्वचितच ठाऊक असतं.

आपला जुना प्रवासी याबाबत स्वच्छ होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये उत्तरेला निघाले ते घरावर कर्ज होतं म्हणून. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेनं. निघाले ते थेट बंडातच सापडले. 'माझा प्रवास' वाचताना लक्षात राहतं की हा माणूस कुणी काय दिलं हे लिहून ठेवतो आणि काय लुटलं गेलं हेही. शेवटी काशीहून गंगेची कावड घेऊन घरी पोचतो. घेण्यासाठी निघालो आहे हे तो लपवत नाही, त्यामुळे त्याच्या कृतज्ञतेला हिशेबाची लाज नाही.

सायकलींचं निराळं. थॉमस स्टीव्हन्स हा पन्नास इंची पुढच्या चाकाची कोलंबिया सायकल घेऊन १८८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६च्या उन्हापावसात लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत याच ग्रँड ट्रंक रोडनं आला. वाटेत बनारस. राजघाटचा पूल तेव्हा खुला व्हायचा होता. तो झाला पुढच्या वर्षी. त्याच्याकडे पिस्तूल होतं, मुक्कामाला डाकबंगले होते, आणि डाकबंगल्यात रात्री पंख्याची दोरी ओढायला माणूस. त्याचा मला तरी एका बाबतीत राग येत नाही: तो पाहुणा असल्याचा आव आणत नाही. साम्राज्याच्या रस्त्यावरून जातो, साम्राज्याच्या भावानं पैसे मोजतो. उलट मुंबईहून १९२३ साली जगाच्या फेरीला निघालेले पारशी तरुण, ज्यांच्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी १९२८मध्ये ती पुरी केली, ते इराण-इराकच्या वाळवंटातून गेले तेव्हा त्यांच्यामागे कुठलं साम्राज्य नव्हतं. स्वतःच एका साम्राज्याची प्रजा होते. त्या वाळवंटात कुणी पाणी दिलं तर ते घ्यावंच लागणार. गरज दोन्हीकडे दिसत होती.

आजचा लांब पल्ल्याचा सायकलस्वार या दोघांच्या मधे कुठेतरी अडकलेला आहे. त्याच्या खिशात कार्ड आहे, परतीचं तिकीट आहे, आणि तरी तो अशा वाहनावर बसून येतो जे आपल्याकडे गरिबाचं आहे. त्याचा घाम खरा, तहान खरी. नियम असा आहे की तहानलेल्याला पाणी द्यायचं. तहान हौसेची की मजबुरीची हे विचारायचं नाही. हा नियम चांगला आहे, तो मोडू नये. पण मग हौसेनं तहानलेल्यानं आपल्या बाजूनं काही करायला हवं की नको? कांटनं १७९५मध्ये परक्याला फक्त एवढाच हक्क दिला होता की त्यानं दाराशी येऊन उभं राहावं आणि त्याला शत्रूसारखं वागवू नये. जेवणाखाण्याचा हक्क त्यात नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो माणूस कद्रू वाटला होता. आता वाटतं, निदान त्यानं जे हक्कानं मिळतं आणि जे कुणीतरी पदरचं घालून देतं, ते वेगळं तरी ठेवलं.

आमचा शब्द 'पाहुणा'. कोशात त्याचं मूळ 'प्राघूर्ण' दिलेलं असतं: घूर्ण म्हणजे गरगरणं, फिरणं. भटकत भटकत दाराशी आलेला. मला गंमत वाटते की या शब्दाच्या पोटात चाक आहे. 'अतिथी'चं मात्र सरकारी जाहिरातीनं पार देव करून टाकलं. देवाला नैवेद्य दाखवतात आणि देव हिशेब विचारत नाही, ही त्यातली सोय.

आणि आता २०२०. एप्रिल-मेमध्ये आम्ही काही जण नाशिकजवळ विल्होळीच्या अलीकडे मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला उभे राहायचो, पुरी-भाजीची पाकिटं आणि ताक घेऊन. त्या दिवसांत त्या रस्त्यावरून कोण कसं गेलं हे सगळ्यांनी पाहिलं आहे, मी पुन्हा वर्णन करत नाही. चालणाऱ्यांबरोबर सायकलीही होत्या, काही नव्या, मुंबई-ठाण्यात उरलेसुरले पैसे घालून घेतलेल्या, हँडलवरचं प्लॅस्टिक तसंच. एक तिशीतला माणूस थांबला. कुठे जायचं विचारलं तर म्हणाला, बनारसच्या पुढे. मुंबईहून दीड हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, त्याच उन्हात. मी पाकीट पुढे केलं. त्यानं ते घेतलं नाही. आधी विचारलं, 'कितना हुआ?'

आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, अरे भैया, पैसा कौन माँगता है. तो हलला नाही. मग मीच म्हटलं, रख लीजिए, बाद में दे दीजिएगा. तेव्हा त्यानं पाकीट घेतलं, पिशवीत ठेवलं, ताक तिथेच प्यायला आणि पेडल मारलं.

'बाद में' हा शब्द मला का सुचला हे मला लगेच कळलं. सोमार के मिली.

तोवर मी त्या दुधाकडे गरिबीची खूण म्हणून पाहत आले होते, इतकी गरिबी की दूधही उधार. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मला त्याची दुसरी बाजू दिसली. ती बाई दूधवाल्याकडे मागत नव्हती. सोमवार सांगत होती. म्हणजे सोमवारपर्यंत मी इथेच आहे, तूही आहेस, आपलं खातं चालू आहे. त्या माणसालाही फुकट नको होतं. ज्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे त्याला कुणाच्या तरी वहीत नाव हवं होतं. उधारी ही बरोबरीच्या माणसांमधली गोष्ट. दान घेतलं की माणूस खाली उतरतो, उधार घेतलं की उतरत नाही. आम्ही दोघं मात्र त्या पडवीतून काही न घेतल्यासारखे उठून गेलो, एकानं ते 'औदार्य' म्हणून डायरीत लिहिलं आणि दुसरीनं गिळून टाकलं. ज्याला गरज होती तो भाव विचारत होता. ज्यांना नव्हती ते भारावून गेले होते.

हे लिहिताना त्या वेल्श गृहस्थांवर मी अन्याय करते आहे का, असा प्रश्न पडतो. त्यांनी विचारलं होतं. दोनदा. दोन्हीदा उत्तर मी दिलं. परक्या देशात माणूस दुभाषावर विसंबतो, तसे ते विसंबले. त्यांच्या पुस्तकात जो भाबडेपणा दिसतो, त्यातला निदान एक तुकडा मी पुरवलेला आहे.

मग अनुवादात काय करायचं? 'कुठून तरी' तसंच ठेवलं तर मी पुन्हा एकदा तेच करते, आणि या वेळी जाणूनबुजून. तळटीप दिली तर मराठी वाचकासमोर लेखक खाली, मी वर: बघा, याला काही कळलं नाही, मला कळलं होतं. वाक्य बदललं तर तो अनुवाद राहत नाही. तीन महिने मी बाकीची पानं करत राहिले आणि हा परिच्छेद पिवळा करून ठेवला.

मध्ये एकदा वाटलं, आधी सोमवारचे पैसे देऊन यावं. डिसेंबरात कामासाठी वाराणसीला गेले होते, तेव्हा एक गाडी करून औराईच्या बाजूला गेले. राजातालाब ते हंडिया हा त्र्याहत्तर किलोमीटरचा पट्टा २०२०च्या नोव्हेंबरात सहापदरी होऊन खुला झाला आहे. रस्ता आता उंचावरून जातो, खाली सर्व्हिस रोड, मध्ये कठडे. मला आठवत होता एक हापसा आणि त्याच्यामागे उतरणारी पायवाट. हापसे दोन-तीन दिसले. एका ठिकाणी माग होता, पण घर ते नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एक आजोबा म्हणाले, रस्त्याकडेची घरं गेली, माणसं मागे सरकली, कुणाचं घर शोधताय? मला नाव सांगता येईना. तीन-चार तास मी ज्यांच्या खाटेवर झोपले होते त्यांचं नाव मी विचारलेलंच नव्हतं. त्यांनीही माझं विचारलं नव्हतं, पण पाहुण्याचं नाव न विचारणं ही रीत आहे. यजमानाचं न विचारणं ही रीत नाही. आजोबांनी पाणी दिलं. अगोदर बताशा.

परत आल्यावर गृहस्थांना लांबलचक ईमेल लिहिली. दूध, सोमवार, माझं उत्तर, सगळं. ते आता शहात्तर-सत्त्याहत्तरचे असतील. दोन आठवडे काही आलं नाही. मला वाटलं, दुखावले. मग उत्तर आलं, नेहमीसारखं नेटकं, परिच्छेदांना आकडे घातलेलं. मास्तर ते मास्तरच. पहिल्यात लिहिलं होतं की त्यांच्या वाक्याला हात लावू नये, त्यांना तेव्हा जे दिसलं ते तेवढंच होतं. दुसऱ्यात, की तळटीपही नको. जे मला माहीत होतं ते मी माझ्या नावानं, दुसरीकडे लिहावं. तिसऱ्यात एकच ओळ होती. ते दूध किती रुपयांचं होतं?

याला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. डोलची लहान होती, अर्धा लिटर मावेल एवढी. काकूंना फोन करून विचारलं, २०१६ साली तिकडे खेड्यात म्हशीचं दूध काय भावानं असेल? त्या म्हणाल्या, शहरातला भाव सांगते, खेड्याचा तू कमी करून घे. आणि मग विचारलं, नुसतं दूधच धरणार आहेस का? साखर, पत्ती, आणि तो गूळ?